वनस्पतिज पोषकद्रव्ये आणि बालकर्करोगाच्या मूलपेशी : एका आशेची चिकित्सा

कर्करोगाच्या संशोधनात गेल्या तीन दशकांत ज्या कल्पनांनी मूळ धरले, त्यांत कर्करोगाच्या मूलपेशीची कल्पना ही एक प्रमुख होय. अर्बुदातील सर्व पेशी सारख्या सामर्थ्याच्या नसतात. त्यांतील थोड्याच पेशी स्वतःसारख्या पेशी पुनःपुन्हा निर्माण करून रोग चालू ठेवतात आणि औषधांच्या माऱ्यातून वाचून पुढे रोगाचे पुनरागमन घडवितात, असे या मताचे सार सांगता येईल. या मताच्या आधाराने अलीकडे आणखी एक विचार पुढे आला आहे. हळदीतील कुर्कुमिन, ब्रोकोलीतील सल्फोराफेन, हिरव्या चहातील कॅटेचिन, सोयाबीनमधील जेनिस्टीन, कांद्यातील क्वेर्सेटिन इत्यादी द्रव्ये या मूलपेशींवर नेमका आघात करतात. ही द्रव्ये आहारातील असल्यामुळे निरुपद्रवी आहेत. म्हणून वाढत्या वयातील रुग्णांसाठी ती विशेष उपयुक्त ठरावीत, असा तो विचार होय. या तीन विधानांची परस्परांशी कितपत संगती लागते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. या अंतराच्या कारणांत उशिरा होणारे निदान, औषधांचा तुटवडा यांच्याबरोबरच उपचार अर्धवट सोडणे हेही एक मोठे कारण आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना नोव्हेंबर २०२४ मध्ये एक निवेदन प्रसिद्ध करून, हळद, कडुनिंब व आहारनियम यांनी कर्करोग बरा होतो या प्रचाराला पुराव्याचा आधार नाही, असे सांगावे लागले. अशा परिस्थितीत संशोधनपर निबंधातील एखादे सैल वाक्य केवळ निबंधात राहत नाही. ते वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचते आणि कधी कधी एखाद्या मुलाच्या उपचाराचा मार्गच बदलते.

१. मूलपेशीची कसोटी

कर्करोगाच्या मूलपेशीच्या कल्पनेला प्रयोगाचा भक्कम पाया मिळाला तो टोरांटो येथे. जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांच्या शरीरात सोडल्या आणि रोग निर्माण करण्याचे सामर्थ्य पेशींच्या एका लहानशा गटातच आढळते, असे दाखविले. २००४ मध्ये त्याच शहरातील शीला सिंग व पीटर डर्क्स यांच्या गटाने मेंदूच्या अर्बुदांबाबत असाच निष्कर्ष मांडला. सीडी१३३ हे चिन्ह धारण करणाऱ्या अवघ्या १०० पेशींनी उंदराच्या मेंदूत अर्बुद निर्माण केले. हे चिन्ह नसलेल्या १,००,००० पेशींना ते साधले नाही. तपासलेल्या अर्बुदांत मुलांमध्ये आढळणारा मेड्युलोब्लास्टोमाही होता.

या दोन्ही प्रयोगांतील कसोटी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेशीचे मूलत्व तिच्या पृष्ठभागावरील चिन्हावरून ठरलेले नाही. नव्या यजमानाच्या शरीरात रोग पुन्हा उभा करण्याच्या तिच्या कृतीवरून ते ठरले. चिन्ह ही केवळ त्या पेशी वेगळ्या काढण्याची सोय होती. वनस्पतिज द्रव्यांवरील पुष्कळशा लिखाणात मात्र ही सोयच कसोटी होऊन बसलेली दिसते. द्रव्य घातल्यावर चिन्हधारी पेशींचे प्रमाण घटले, किंवा संवर्धनात पेशींचे तरंगते गोलक कमी तयार झाले, एवढ्यावरून 'मूलपेशींचा नाश झाला' असा निष्कर्ष काढला जातो. परंतु चिन्ह नाहीसे होणे आणि पेशी नाहीशी होणे या दोन भिन्न घटना आहेत. पेशी जिवंत राहून केवळ चिन्ह टाकू शकते, आणि परिस्थिती पालटताच ते पुन्हा धारणही करू शकते.

शिवाय मूलपेशीची कल्पना सर्व कर्करोगांना सारखीच लागू पडत नाही. २००८ साली एल्सा किंटाना, शॉन मॉरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या मेलॅनोमाच्या पेशी अधिक दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत सोडल्या, तेव्हा सरासरीने चारांतील एका पेशीला अर्बुद निर्माण करता आले. अर्थात मूलपेशींची जी दुर्मिळता पूर्वी दिसली, तिच्यातील काही भाग प्रयोगातील उंदराच्या जातीमुळे होता. त्याच वर्षी बालवयातील तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाबाबत, म्हणजे मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाबाबत, असे निदर्शनास आले की परिपक्वतेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील पेशींत रोग पुन्हा निर्माण करण्याची शक्ती असते. ज्या रोगात मूलपेशींचा वेगळा, निवडक असा वर्गच स्पष्ट दाखविता येत नाही, त्या रोगात 'मूलपेशींवर नेमका आघात' या शब्दप्रयोगाला कोणता अर्थ उरतो, याचा खुलासा अशा निबंधांत क्वचितच आढळतो.

२. बालकाचे अर्बुद

दुसरी अडचण प्रौढांच्या कर्करोगावरून मुलांच्या कर्करोगाविषयी अनुमान काढण्यात आहे. प्रौढांचे बहुतेक कर्करोग दीर्घकाळ साठत गेलेल्या जनुकीय बदलांचे फळ असतात. तंबाखू, मद्य, आहार, सूर्यप्रकाश, वाढते वय यांचा त्यांत वाटा असतो. म्हणून भाजीपाला विपुल खाणाऱ्या समाजात अमुक कर्करोग कमी आढळतो, अशा निरीक्षणांना तेथे काही अर्थ असू शकतो. न्यूरोब्लास्टोमा, मेड्युलोब्लास्टोमा, मूत्रपिंडाचे विल्म्स अर्बुद, दृष्टिपटलाचे रेटिनोब्लास्टोमा ही अर्बुदे वेगळ्या जातीची आहेत. त्यांत जनुकीय बदलांची संख्या प्रौढांच्या मानाने पुष्कळच कमी असते. गर्भावस्थेत किंवा शैशवात जी पेशी परिपक्व होऊन आपल्या कामाला लागायची, ती अर्ध्या वाटेवर अडकते आणि वाढतच राहते, असे त्यांचे स्वरूप आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या रोगाला त्याच्या आहारातील उणीव कारण मानणे जसे निराधार, तसेच चाळीस वर्षांच्या आहारसवयींवरून काढलेले अनुमान त्याच्या उपचाराला लावणेही निराधार होय.

या भेदातून पुढचा मुद्दा निघतो. प्रौढाच्या अर्बुदातील मूलपेशी शरीराच्या सुप्तावस्थेतील संदेशमार्ग पुन्हा जागे करते, असे म्हणता येईल. बालकाच्या अर्बुदातील मूलपेशी वापरते ते मार्ग मात्र त्या बालकाच्या शरीरात अन्यत्रही जागेच असतात. हाडे, मेंदू, दात व जननेंद्रिये यांची वाढ त्यांच्याच आधारे चाललेली असते. हेजहॉग, विंट व नॉच हे त्यांतील प्रमुख मार्ग होत. कुर्कुमिन, सल्फोराफेन, जेनिस्टीन यांच्याविषयीच्या निबंधांत नेमके हेच मार्ग 'बंद' केल्याचा दावा वारंवार येतो. तो दावा खरा असेल, तर त्याची किंमत मुलाच्या शरीरातील अन्य कोणता अवयव देणार, हा प्रश्न त्याच निबंधात उपस्थित व्हावयास हवा.

३. काचपात्र आणि रक्त

तथापि हा प्रश्न उद्भवण्यापूर्वी द्रव्य अर्बुदापर्यंत पोहोचले पाहिजे. काचपात्रातील प्रयोगांत कुर्कुमिनची संहती सामान्यतः ५ ते ५० मायक्रोमोलर या मर्यादेत असते. तैवानमधील एका परीक्षणात, ज्याचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला, प्रौढ व्यक्तींना रोज ८ ग्रॅम कुर्कुमिन तोंडावाटे देण्यात आले. तेव्हा रक्तरसातील त्याची सर्वोच्च सरासरी संहती १.७७ मायक्रोमोलर इतकीच भरली. हळदीच्या वजनात कुर्कुमिनचा वाटा साधारण ३ टक्के धरला, तर ८ ग्रॅम कुर्कुमिनसाठी पाव किलोहून अधिक हळद लागेल. एवढी हळद रोज खाणे कोणालाही शक्य नाही, आणि खाल्ली तरी काचपात्रातील संहती गाठली जात नाही. रक्तातून मेंदूत जाण्याचा अडसर तर अद्याप हिशेबात धरलेलाच नाही. मेड्युलोब्लास्टोमाच्या बाबतीत तो धरणे अपरिहार्य आहे.

कुर्कुमिनच्या रासायनिक स्वभावाचाही येथे विचार करावा लागतो. हा रेणू अस्थिर आहे. तो अनेक प्रथिनांशी अविशिष्टपणे जोडला जातो. त्याला स्वतःचा रंग व प्रतिदीप्ती असल्यामुळे प्रकाशमापनावर आधारलेल्या चाचण्यांत तो खोटा होकार देऊ शकतो. कॅथरिन नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली केलेल्या समीक्षेत, कुर्कुमिनवर १२० हून अधिक वैद्यकीय परीक्षणे होऊनही प्लासिबोशी तुलना केलेले एकही दुहेरी अंध परीक्षण यशस्वी झालेले नाही, असा निर्वाळा दिला आहे. जे द्रव्य चाचणीतील सर्वच लक्ष्यांवर परिणाम करते असे दिसते, त्याने मूलपेशीवर 'नेमका' परिणाम केला असे म्हणण्यात तर्काचा दोष आहे.

सल्फोराफेनची स्थिती याहून बरी आहे. मिशिगन विद्यापीठातील गटाने २०१० साली स्तनाच्या कर्करोगावर केलेल्या प्रयोगात उंदरांना दोन आठवडे रोज या द्रव्याची इंजेक्शने दिली. त्यानंतर त्यांच्या अर्बुदातील पेशी दुसऱ्या उंदरांत सोडल्या असता तेथे अर्बुद वाढले नाही. पुनःप्रत्यारोपणाची खरी कसोटी येथे लावली गेली, हे या कामाचे मोल आहे. परंतु तो रोग प्रौढांचा, मार्ग इंजेक्शनचा आणि प्राणी उंदीर. २०१२ साली बालवयातील लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींवर सल्फोराफेनचा मारक परिणाम दिसल्याचे वृत्त आले. मात्र त्यावरून ब्रोकोली खाणाऱ्या मुलाविषयी काही सांगता येत नाही. एका प्रयोगाची कसोटी, दुसऱ्याचा रोग आणि तिसऱ्याचा आहार यांची बेरीज करून पुरावा तयार होत नसतो.

४. निरुपद्रवीपणाचा प्रश्न

वनस्पतिज द्रव्य मूलपेशींचा मार्ग खरोखर बंद करते तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण शास्त्राच्या इतिहासात उपलब्ध आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९५० च्या सुमारास काही मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरे होऊ लागली. गाभण मेंढ्यांनी व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानवनस्पती खाल्ल्याचा तो परिणाम असल्याचे पुढे उघड झाले. १९६० नंतरच्या दशकात तिच्यातील द्रव्य वेगळे काढण्यात आले व एकाक्ष राक्षसाच्या ग्रीक नावावरून त्याला सायक्लोपामिन हे नाव मिळाले. हे द्रव्य हेजहॉग मार्ग बंद करते, हे शतकाच्या अखेरीस कळले. आणि २००२ साली त्याने मेड्युलोब्लास्टोमाची वाढ रोखल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. त्याच तत्त्वावर बनविलेले व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ साली प्रौढांच्या त्वचाकर्करोगासाठी मान्य झाले.

मुलांच्या बाबतीत पुढे जे घडले ते बोधप्रद आहे. कोवळ्या उंदरांत हेजहॉग मार्ग थोडेच दिवस बंद केला तरी हाडांची रचना कायमची बिघडते, असे २००८ साली दिसले होते. २०१७ साली, मेड्युलोब्लास्टोमासाठी व्हिस्मोडेगिब दिलेल्या काही मुलांत हाडांच्या टोकांशी असणाऱ्या, उंची वाढविणाऱ्या कूर्चेच्या पट्ट्या अकाली व कायमच्या जुळून गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. रेटिनॉइक आम्लाची कथाही याच वळणाची आहे. अ जीवनसत्त्वापासून निघालेले हे द्रव्य न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींना परिपक्वतेकडे ढकलते. कॅथरीन मॅथे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात, तीव्र उपचारांनंतर हे औषध मिळालेल्या मुलांपैकी ४६ टक्के मुले तीन वर्षांनी रोगमुक्त होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. दीर्घकालीन निरीक्षणात हा फरक तितक्या ठामपणे टिकला नाही. तरी औषधाला उपचारात स्थान मिळाले ते मिळालेच. पण ते गाजरातील कॅरोटिन नव्हे. ते शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला रोज १६० मिलिग्रॅम इतक्या मात्रेत, आवर्तनांनी, देखरेखीखाली दिले जाते. गर्भाला ते घातक आहे. आणि हाडांच्या वाढीच्या पट्ट्या अकाली मिटल्याची नोंद त्याच्याही नावावर आहे.

या दोन उदाहरणांतून प्रस्तुत प्रश्नाचा गाभा स्पष्ट होतो. वनस्पतिज द्रव्य मूलपेशीचा मार्ग खरोखर बंद करीत असेल, तर ते औषध आहे. त्याची मात्रा, त्याचे दुष्परिणाम आणि वाढत्या शरीरावर होणारी त्याची क्रिया औषधाप्रमाणेच तपासली पाहिजे. ते आहाराइतके निरुपद्रवी असेल, तर त्या मात्रेत ते तो मार्ग बंद करते याचा पुरावा अद्याप मिळावयाचा आहे. 'प्रभावीही आणि निरुपद्रवीही' ही दोन्ही विशेषणे एकाच द्रव्याला एकाच मात्रेत लागू पडतात, हे सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. आपल्या अंगणातील सदाफुली याच गोष्टीची साक्ष देते. तिच्यापासून मिळणारे व्हिंक्रिस्टिन १९६३ पासून ल्युकेमियाच्या मुलांना दिले जात आहे व असंख्य मुलांचे प्राण त्याने वाचविले आहेत. परंतु ते दर चौरस मीटरला सुमारे दीड मिलिग्रॅम या मापाने केवळ शिरेतूनच द्यावयाचे विष आहे. चुकून पाठीच्या कण्यातील पोकळीत गेले तर ते जीव घेते. सदाफुलीचा काढा पाजून हे कार्य होत नाही, आणि व्हिंक्रिस्टिनला कोणी पोषकद्रव्यही म्हणत नाही.

५. फोलिक आम्लाचा धडा

पोषकद्रव्य हे रोग्याला नेहमी हितकारकच असते, या समजुतीला बालकर्करोगाच्याच इतिहासाने सर्वांत आधी तडा दिला. आणि त्या इतिहासाचा आरंभ मुंबईशी निगडित आहे. ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कात त्यावर गुणकारी असा एक घटक असल्याचे १९३१ साली दाखवून दिले. तो घटक म्हणजेच फोलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले व 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. रक्त वाढविणारे, हिरव्या पानांतील, सर्वथा सात्त्विक असे हे द्रव्य.

बॉस्टन येथील सिडने फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक आम्लाची संयुगे दिली, तेव्हा रोग मंदावण्याऐवजी वेगाने वाढत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. या निरीक्षणातून त्यांनी उलट दिशा धरली. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले अमिनोप्टेरिन हे फोलिक आम्लाचे विरोधी द्रव्य त्यांनी वापरले आणि १९४८ साली, १६ मुलांपैकी १० मुलांत रोग तात्पुरता हटल्याचे जाहीर केले. बालकर्करोगाच्या रासायनिक उपचाराचा पाया असा, एका पोषकद्रव्याला विरोध करून घातला गेला. वाढणाऱ्या पेशीला पोसणारे द्रव्य निरोगी पेशी व रोगी पेशी यांत आपण होऊन भेद करीत नाही, हा त्यातील बोध आजही जुना झालेला नाही.

अलीकडच्या काळातील दोन उदाहरणे याच्याच जोडीला ठेवता येतील. शिकागो येथील जॅनेट राउली यांच्या गटाने २००० साली असे दाखविले की क्वेर्सेटिन, जेनिस्टीन इत्यादी फ्लॅव्होनॉइडे पेशीतील टोपोआयसोमरेज-२ या विकराच्या कार्यात व्यत्यय आणून एमएलएल या जनुकाशी डीएनएचा छेद घडवू शकतात. एक वर्षाखालील अर्भकांच्या ल्युकेमियात बहुतांशी याच जनुकाची मोडतोड आढळते. गर्भवतीच्या आहारामुळे असा रोग होतो, हे यावरून सिद्ध होत नाही. फळे-भाज्या टाळाव्यात असाही त्याचा अर्थ नाही. परंतु ज्या द्रव्यांना मूलपेशींचे शत्रू म्हणून गौरविले जाते, तीच द्रव्ये प्रयोगशाळेतील अन्य परिस्थितीत रोगाच्या आरंभीची जनुकीय इजा घडवू शकतात, हे त्यांचा पुरस्कार करणाऱ्या लिखाणात सांगितले जात नाही. दुसरे उदाहरण हिरव्या चहाचे. २००९ साली असे आढळले की त्यातील कॅटेचिन बोर्टेझोमिब या कर्करोगविरोधी औषधाशी थेट संयोग पावून त्याची क्रियाच नष्ट करते. हे औषध पुनरुद्भवलेल्या बालल्युकेमियातही परीक्षिले गेलेले आहे. 'अपाय तर होणार नाही' या भरवशावर औषधाच्या जोडीने दिलेली अर्काची गोळी औषधालाच निष्प्रभ करू शकते.

६. समारोप

या विवेचनाचा रोख वनस्पतींवर किंवा त्यांच्या संशोधनावर नाही. सदाफुली, पोडोफायलमपासून निघालेले इटोपोसाइड, रानातील व्हेराट्रम, या सर्वांनी कर्करोगविज्ञानाला दिलेले देणे मोठे आहे. आक्षेप आहे तो औषधाचा दावा करून आहाराची सवलत मागण्यावर. या विषयावरील पुढील निबंधाकडून निदान चार गोष्टींची अपेक्षा करणे रास्त ठरेल : मूलपेशींचा नाश चिन्हावरून न मानता पुनःप्रत्यारोपणाने दाखविलेला असावा, वापरलेली संहती मुलाच्या रक्तात, आणि मेंदूच्या अर्बुदाबाबत मेंदूतही, गाठता येण्याजोगी असावी, हाडे, मेंदू व प्रजननक्षमता यांवरील परिणाम कोवळ्या प्राण्यांत पाहिलेला असावा, आणि चालू उपचारांतील औषधांबरोबर द्रव्याचा संयोग कसा घडतो हे तपासलेले असावे. या चारही कसोट्यांना उतरलेले आहारद्रव्य आज दाखविता येत नाही.

आहाराला बालकर्करोगाच्या उपचारात स्थान नाही, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडील पुष्कळशी मुले रुग्णालयात येतात तीच कुपोषित अवस्थेत. अशा मुलांना औषधांचा मारा सोसवत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो, मात्रा कमी करावी लागते किंवा उपचार लांबणीवर पडतात. त्यांच्या पानात पडणारे डाळ-भात, अंडे, दूध, केळे व शिजवलेली भाजी ही मूलपेशींना मारीत नाहीत. मुलाला उपचार पुरा होईपर्यंत तगवून धरतात. अन्नाचे हे कार्य साधे असले तरी सिद्ध आहे. जे सिद्ध नाही ते कार्य त्याच्यावर लादल्याने अन्नाची प्रतिष्ठा वाढत नाही. उपचार सोडून काढ्याच्या मागे लागलेल्या घरातील मुलाचा मात्र बरे होण्याचा काळ हातचा निघून जातो.